ग्लेनफेशीची हरणं आणि झाडं

स्कॉटलंडच्या हायलँड्सचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. जांभळट हेदरने झाकलेले बोडके डोंगर, धुकं आणि उंचवट्यावर शिंगं रोखून उभं असलेलं लाल हरीण. माणसाचा हातच लागला नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो बोडकेपणा माणसानेच आणलेला आहे, आणि ते ग्लेनफेशीत फिरताना चांगलं कळतं.

एडिनबराहून अ‍ॅव्हिमोरला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. तिथून जवळच, केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात, फेशी नदीच्या खोऱ्यात ही सुमारे 42 हजार एकरांची खासगी इस्टेट आहे. खासगी असली तरी कुणी अडवत नाही. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये अशा जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मी ऑक्टोबरमध्ये गेले होते.

नदीकाठाने चालताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. इथे दोनशे वर्षांपेक्षा जुने, जाडजूड खोडांचे पाईन आहेत, आणि त्यांच्या पायाशी गुडघ्याएवढी, डोक्याएवढी पोरसवदा झाडं. मधल्या वयाचं झाड सहसा दिसत नाही. आजोबा आहेत, नातवंडं आहेत, पण बाबांची पिढीच नाही!

ती पिढी हरणांनी खाल्ली. पण दोष हरणांचा नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी हायलँड्समधली गावंच्या गावं उठवली. पुढे शिकारीची फॅशन आली. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याने 1852 मध्ये बाल्मोरल विकत घेतल्यावर तर तिला राजमान्यताच मिळाली. ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ हे हरणाचं प्रसिद्ध चित्र काढणारा लँडसियर याच दरीत येऊन राहत असे. डोंगराची किंमत शिंगवाल्या नरांवर ठरू लागली. पाहुणे नर मारायचे, माद्या तशाच राहायच्या. हिवाळ्यात कुठे कुठे हरणांना चाराही घातला जाई. लांडगे तर तीनशे वर्षांपूर्वीच संपले होते. हरणं वाढत गेली आणि उगवलेलं प्रत्येक रोप खुडलं गेलं.

2004 मध्ये सरकारी हरीण आयोगाने ग्लेनफेशीत मोठ्या संख्येने हरणं मारली. हेलिकॉप्टर वापरलं म्हणून गेमकीपर मंडळींनी निषेध केला. 2006 मध्ये डेन्मार्कचे उद्योजक अँडर्स होल्श पोव्हलसेन यांनी इस्टेट घेतली आणि तेच काम नेटाने पुढे चालवलं. चौरस किलोमीटरमागे पूर्वी कित्येक डझन असलेली हरणं आता एक-दोनवर आली आहेत. मैलोन्‌मैल कुंपण न घालता झाडं आपोआप उगवली.

हे काम करतात ‘स्टॉकर’. संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात, आणि माद्यांचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, म्हणजे ऐन थंडीत. वाऱ्याची दिशा बघायची, ओल्या हेदरमधून पोटावर सरपटत जायचं, एका गोळीत काम संपेल तेव्हाच चाप ओढायचा. मादीसोबत पाडस असेल तर तेही मारायचं, कारण आईविना ते हिवाळा काढणार नाही. मांस विक्रीला जातं, वाया घालवत नाहीत.

“झाडांसाठी हरणं मारायची?” आईने फोनवर विचारलं. आपल्याकडे 1972 पासून शिकारबंदी, त्यामुळे प्रश्न साहजिकच. पण न मारणं हाही निर्णयच असतो. आडोसा नसलेल्या बोडक्या डोंगरावर हिवाळ्याच्या शेवटी कितीतरी हरणं भुकेने आणि थंडीने मरतात. जंगलात राहणारी हरणं अंगाने चांगली भरतात. ग्वाल्हेरकरांना जवळ असलेल्या कुनोत 2022 मध्ये चित्ते आणले, तसे तिथे लांडगे आणायची चर्चा अधूनमधून होते, पण मेंढपाळांचा विरोध आहे. तोवर लांडग्याचं काम माणसाच्याच गळ्यात.

शेजारच्या इस्टेटींची तक्रारही खोटी नाही. हरणांना हद्द कळत नाही. इकडे हरणं मारली की तिकडच्या शिकारीचं उत्पन्न घटतं, आणि तिथल्या स्टॉकरची नोकरी जाते. नोकरीबरोबर बऱ्याचदा राहतं घरही जातं. या डोंगरांतून माणसं एकदा उठवली गेली आहेत, त्यामुळे ही भीती तिथे जुनी आहे. आईला मी हेही सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या लोकांचं काय?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जायचं असेल तर शिकारीच्या दिवसांत पायवाटेवरच्या सूचना वाचा आणि सांगितलेल्या वाटेनेच चला. उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात, पाऊस बाराही महिने. दरीत रुइ आटेखन नावाची बॉथी आहे, म्हणजे वाटसरूंसाठी फुकट, उघडी खोली. तिथे बसून डबा खा, आणि समोरच्या उतारावर नातवंडं कुठवर चढली आहेत ते बघा.