गोष्टीला नको असलेली माणसं

आवडते सिनेमे कुठले, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी माणसं येतात, सिनेमाची नावं नंतर. आणि ही माणसं बहुतेक वेळा नायक-नायिका नसतात. कडेला उभी असलेली, गोष्ट ज्यांच्यावाचून मुळीच अडली नसती अशी असतात. बऱ्याच वर्षांच्या सिनेमावेडानंतर लक्षात आलं की, माझ्या आवडीचं मूळ इथे आहे. गोष्टीला नको असलेल्या माणसाची जो सिनेमा आवर्जून विचारपूस करतो, तो माझा.

‘सामना’ तर अख्खाच्या अख्खा अशा विचारपुशीवर उभा आहे. १९७५चा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या जुगलबंदीबद्दल लोक भरभरून बोलतात आणि ते योग्यच आहे. हिंदुराव धोंडे पाटलाचा साखर कारखाना, त्याचा दरारा, पाहुणचार करतानाही दिसणारी त्याची मालकी, सगळं फुल्यांच्या नुसत्या बसण्यात आहे. पण मी बघत राहतो तो लागूंचा मास्तर. दारूनं खंगलेला, गावात कुणाचा कोणी नसलेला हा माणूस गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेला कधी भेटलेलासुद्धा नाही. त्याच्या कानावर फक्त नाव आलेलं आहे. तरी त्याचं काय झालं, हे तो विचारतो, पुन्हा विचारतो, खाल्ल्या मिठाची आठवण करून दिली जात असताना विचारतो. गाव केव्हाच पुढे गेलं आहे. एका परक्या माणसाला मात्र पुढे जाता येत नाही. तो प्रश्न पुढे महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी बसला, त्यामागे संवादाची चटक आहेच. पण प्रत्येक गावाला आपला एखादा मारुती कांबळे ठाऊक असणार, असं मला वाटतं.

‘पथेर पांचाली’त अशी जागा इंदिर ठाकरुणची. विभूतिभूषणांच्या कादंबरीत ही म्हातारी लवकर जाते. सत्यजित राय यांनी तिला सिनेमात बरीच पुढपर्यंत जगवली, आणि त्यांच्यावर माझा जीव जडला तो या एका निर्णयासाठी. भूमिका केली चुनीबाला देवींनी. रंगभूमीवरून कधीच्या बाजूला झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या. शेवटच्या खेपेला इंदिर घरी येते तेव्हा घरधनीण सर्वजया तिला ठेवून घ्यायला तयार नाही. म्हातारी पाणी मागते. तूच घे, असा रोख. ती स्वतःच उठून घेते, पिते आणि उरलेलं पाणी अंगणातल्या रोपाला घालते. मग निघते. तिच्या या पाणी घालण्यानं कथानक तसूभर पुढे सरकत नाही. पण जिला घरात जागा उरली नाही, ती बाई त्या घरातल्या रोपाची काळजी करून जाते, हे दाखवायला राय थांबले. सर्वजयाचा राग येत नाही, हेही तितकंच मोठं. तिच्या घरातलं दारिद्र्य आपण पाहिलेलं असतं.

‘श्वास’ आणि ‘फँड्री’ही माझ्या यादीत आहेत. एकातला आजोबा, दुसऱ्यातला किशोर कदमांचा कचरू. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी अधिक काय सांगणार! ‘सिंहासन’ मात्र थोर असूनही यादीत नाही. त्या पटावर प्रत्येक माणूस डावासाठी लागतो. विनाकारण भेटणारं कुणी मला तिथे सापडत नाही.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’नं (२०१४) मला पुरतं ताब्यात घेतलं. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. मेलेला माणूस आपल्याला दिसतच नाही. साक्षीला येते त्याची बायको. न रडता, कोरड्या आवाजात सांगते: आत उतरण्याआधी तो झुरळ बाहेर येतं का ते बघायचा, आलं तर वायू नाही असं समजायचं. घाण सहन व्हावी म्हणून प्यायचा. एक डोळा त्या कामातच गेला होता. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, जवळ जाऊन अश्रू शोधत नाही. ती बोलते आणि न्यायाधीश त्यातलं कायद्याला लागेल तेवढं टंकलेखकाला सांगत जातात. बाकीचं नोंदीत येत नाही. पडद्यावर मात्र येतं. पुढे बचावाचे वकील तिला गाडीतून सोडायला जातात आणि पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. ही भूमिका केलेल्या उषा बाणे यांचे पतीही याच कामात गेले होते. हे कळल्यावर तो प्रसंग अभिनयाच्या हिशेबात मोजणं मला जमत नाही.

आणि तुकारामाची बायको आवली. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६, दामले-फत्तेलाल यांचा. मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम बघताना लोक थिएटरात हात जोडत असतील, यात नवल नाही. मला विलक्षण वाटते ती आवली झालेली गौरी. प्रभातमध्येच साफसफाईची कामं करून, मग गर्दीतल्या भूमिका करत ती इथवर आली. पोर तापानं फणफणलंय, नवरा देवात रमलाय, घरात दाणा नाही. आवली पोराला घेऊन थेट विठोबाच्या देवळात जाते, हातात पायताण घेऊन. देवाला जाब विचारणारी ही बाई दिग्दर्शकांनी कुठेही हास्यास्पद केलेली नाही, की शेवटी तिला शहाणपण शिकवलेलं नाही. तुकारामाइतकीच ती खरी. वैकुंठाला निघताना तो तिलाही बोलावतो. ती नाही म्हणते, कारण पोरं मोठी व्हायची आहेत. संतपटात संताच्या बायकोला एवढी बाजू क्वचितच मिळाली असेल. तुकारामाला वैकुंठाला नेणाऱ्या विमानाची ट्रिक जुनी झाली आहे, आजच्या मुलांना ती कदाचित भाबडी वाटेल. आवलीचा नकार अजिबात जुना झालेला नाही. तरुण मित्रांना जुना मराठी सिनेमा दाखवायचा असला की मी याच सिनेमापासून सुरुवात करतो आणि एवढंच सांगतो, की तुकारामाकडे बघालच, चुलीकडेही बघा.