अडुळसा आणि लाल गोळ्या

दुखणं अंगावर काढायची आमच्या नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी सवय. श्रावणात लागलेला खोकला कांद्याच्या लागवडीपर्यंत टिकला, संध्याकाळी अंगात कसर राहू लागली, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला, तरी साक्रीच्या सरकारी दवाखान्यात जायला ते तयार नव्हते. त्यांचा सगळा भरवसा पिंपळनेरकडच्या एका कोकणी वैदूबाबांवर. बाबा बाजाराच्या दिवशी मुळ्या-साली घेऊन साक्रीला येतात. नानांचा निखळलेला खांदा त्यांनी एकदा बसवला होता. तेव्हापासून त्यांच्या हाताला गुण आहे, ही नानांची श्रद्धा.

ओट्यावर बसून बाबांनी नानांची जीभ पाहिली, नखं पाहिली. मग विचारलं, रात्री घामानं गोधडी भिजते का? बेडक्यात लाल दिसतं का? नाना गप्प. उशीचा अभ्रा रोज बदलावा लागतो, हे मीच सांगितलं. बाबांनी पिशवीची गाठ सोडलीच नाही. म्हणाले, "पहिले बेडका तपाशी ल्या, मंग मनाकडे या." आमचं कुणाचं नानांनी ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं.

तपासणीत क्षय निघाला. गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरी आणखी काय काय चालू आहे? सगळं घेऊन या, मी रागावणार नाही." त्या शेवटच्या तीन शब्दांचं मोल मला फार वाटतं. आमच्याकडे बायाबापड्या काढा घेतात आणि दवाखान्यात लपवतात, कारण बोलणी बसतात. आणि गोळ्या घेतात त्या भगतापासून लपवतात. दोन्ही उपचार एकमेकांच्या चोरून चालले, तर रोग्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

मी पिशवी नेऊन टेबलावर रिकामी केली. अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, दुकानातली आसवाची बाटली आणि जत्रेत घेतलेली एक करडी भुकटी. मॅडमनी एकेक वस्तू बाजूला केली. अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा घशाला आराम म्हणून संध्याकाळी चालेल, पण गोळ्यांच्या जागी नाही. आसव बंद, कारण आसव आंबवून होतं, त्यात मद्यार्क असतो. आणि क्षयाच्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्हींचा ताण आधीच यकृतावर पडतो. भुकटीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तीही बंद. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर लगेच यायचं, हे बजावून सांगितलं.

अडुळशाला त्यांनी नाक मुरडलं नाही, याचं कारण मला पुढे वाचताना उमगलं. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा आपल्या वैद्यांची मुळी जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. तपासून, मोजून घेतलेल्या वनस्पतीचा दवाखान्याशी झगडा नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि नाना न्हाणीतून घाबरे होऊन बाहेर आले. लघवी केशरी झाली होती. गोळ्या उष्ण पडल्या, रक्त जातंय, उद्यापासून बंद, असा त्यांनी धोशा लावला. रिफॅम्पिसिननं असं होतं, हे मॅडमनी आधी सांगूनही त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. बाबांनी आपल्या पाड्यावर या गोळ्या घेणारी माणसं पाहिली होती. "हाऊ गोळ्यास्ना रंग शे," एवढंच ते म्हणाले आणि नाना शांत झाले.

खाण्याच्या बाबतीत तर दोघांचं एकच सांगणं. बाबा म्हणायचे नागलीची भाकरी, कुळीथ, शेंगदाणे. मॅडमनी त्यात अंडी आणि दूध घातलं. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे, ती आम्ही अंड्या-दुधालाच लावली. झारखंडमध्ये रोग्याच्या घरच्यांना जादा शिधा देऊन पाहिला, तर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आधी पोट, मग औषध' हे बाबांचं पालुपद मी तेव्हापासून हसण्यावारी नेत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणीही आम्ही करून घेतली.

खरी कसोटी पहिले दोन महिने सरल्यावर लागली. खोकला थांबला, भूक लागली, आणि "गुण आला, आता कशाला?" म्हणत नाना गोळ्या सोडायला निघाले. जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात. मधेच सोडलं तर पुढे त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. मॅडमनी हे समजावलं, आणि बाबांनी अट घातली, की सहा महिने पुरे होईतो काढ्याची जुडी मिळेल ती रोज गोळी घेणाऱ्यालाच. जुडी देताना ते गोळ्यांचं पाकीट मागून बघायचे, रिकामे कप्पे बोटानं चाचपून.

नाना आता बरे आहेत. फुप्फुसावर व्रण राहिलाय, चढ चढताना दम लागतो. त्यासाठी मॅडमनी सांगितलेले श्वासाचे व्यायाम पहाटे चालतात. बाबा बाजाराला येतात तेव्हा खोकणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत आणतात, त्याला आधी दवाखान्यात पोचवतात आणि मगच आपलं दुकान मांडतात.