पार्किंगच्या भिंतीवरचा प्लग

इलेक्ट्रिक गाडी परवडते का, असं कोणी विचारलं की मी किमतीकडे नंतर वळतो. महिन्याचं रनिंग किती आणि गाडी रात्री उभी राहते तिथे प्लग आहे का, हे आधी विचारतो. सगळा हिशेब या दोन उत्तरांवर उभा आहे. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आणि शहरात 15 चा अ‍ॅव्हरेज धरला, तर किलोमीटरला सात रुपये जातात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर धावते. गाडीमुळे घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं आणि युनिट 15 रुपयांना पडलं, तरी किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत भागतं. म्हणजे बचत साडेचार रुपयांची. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला 66-67 हजार किलोमीटर लागतात. महिन्याला 1,500 किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. 500 चालवणाऱ्याला मात्र अकरा वर्षं थांबावं लागेल. त्यातून 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा 5 टक्केच राहिला. किमतीतली दरी त्यामुळे आणखी रुंदावली. तेव्हा कमी रनिंगवाल्याने केवळ पैसे वाचतील म्हणून इलेक्ट्रिक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरी गेली तर काय, ही भीती खरी आहे, पण बऱ्याच कंपन्या तिच्यावर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात. जास्त चालवणाऱ्याचा फरक त्याच्या कितीतरी आधी वसूल होतो. मला खरी अडचण दिसते ती टॅक्सीवाल्यांची. सर्वात जास्त रनिंग त्यांचं, म्हणजे सर्वात जास्त फायदाही त्यांचाच व्हायला हवा. पण त्यांची तुलना पेट्रोलशी नाहीच, सीएनजीशी आहे. तिथे किलोमीटरला साडेतीन-चार रुपये पडतात. घरी चार्जिंग असेल तर इलेक्ट्रिक अजूनही पुढे राहते. गाडी रस्त्याकडेला लावणाऱ्याला मात्र फास्ट चार्जरशिवाय गत्यंतर नाही. तिथे युनिटला 20-25 रुपये मोजले की बचत जवळजवळ संपते, वर रांगेत धंद्याचा वेळ जातो. महाराष्ट्राने 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ केला, हे चांगलंच झालं. पण चाळीत राहणाऱ्या चालकाचा रात्रीचा प्रश्न टोलनाक्यावर सुटत नाही.

इमारतीत स्वतःचं पार्किंग असलं तरी सोसायट्या लोड वाढेल, आग लागेल म्हणून प्लगची परवानगी अडवतात. आगीची काळजी रास्त आहे, म्हणूनच नीट अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि योग्य जाडीची वायर हवी. एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं बंदच व्हायला हवं. लोडचं म्हणाल, तर 15 अँपिअरचा प्लग साधारण एका मोठ्या गिझरएवढी वीज ओढतो आणि रात्रीच्या आठ तासांत 20-25 युनिट भरतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरची सोय त्यात होते. घरी किंवा ऑफिसमध्ये असलेल्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली. अडचण नियमाची नाही, वायरिंगची आणि प्लगची आहे. म्हणून सरकारी पैसा गाडीच्या सवलतीइतकाच जुन्या इमारतींच्या वायरिंगवर, सबमीटरवर आणि पालिकेच्या रात्रपार्किंगमधल्या साध्या, संथ प्लगवर खर्च व्हावा. तिथलं युनिट घरच्या दराने मिळालं, तर सीएनजीवर टॅक्सी चालवणाऱ्याला इलेक्ट्रिकचा विचार पहिल्यांदाच हिशेबाने करता येईल.