शेंबड्याची शेती

घरी मासा पाळलाय असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "गोल्डफिश का?" आणि दुसरा (हा खास आमच्या मालवणकडच्या नातेवाइकांचा), "खाण्यातला आहे का?" दोन्हींचं उत्तर नाही. माझ्याकडे आहे तो टेलस्पॉट ब्लेनी. लांबी जेमतेम दोन इंच, डोळ्यांभोवती केशरी रंग, शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका आणि चेहऱ्यावर कायम "सर्व्हर कोणी बंद केला?" असा भाव. शास्त्रीय नाव एक्सेनियस स्टिग्मॅटुरा. मूळ गाव फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचे प्रवाळ खडक. सध्याचा मुक्काम पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये.

ब्लेनी हे नाव आलंय 'ब्लेनॉस' या ग्रीक शब्दावरून. त्याचा अर्थ चक्क शेंबूड! या माशांना खवले नसतात, अंगावर नुसता बुळबुळीत थर असतो, म्हणून हे नाव. ही माहिती घरात कळल्यावर मुलीने दोन मिनिटांत बारसं उरकलं आणि स्वारीचं नाव पडलं शेंबड्या.

इतर मासे पोहतात, शेंबड्या बसतो. बहुतेक ब्लेनींना मोठेपणी हवेची पिशवी नसते, त्यामुळे पाण्यात तरंगत राहणं त्यांना जमत नाही. पुढचे दोन पर टेकवून दगडावर बसायचं, दोन डोळे दोन दिशांना फिरवत जगाचा आढावा घ्यायचा, मग टुणकन उडी मारून पुढच्या दगडावर. कोणी जवळ आलं की उलटा, म्हणजे शेपूट आधी घालून, भोकात शिरायचं आणि फक्त तोंड बाहेर ठेवायचं. ओहोटीच्या वेळी कोकणात खडकांवरून चालताना एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात उड्या मारणारे करडे मासे तुम्ही पाहिले असतील. त्यांत याचे भाऊबंद असतात. उडी मारायची सवय खानदानी आहे, म्हणून टाकीवर जाळी सक्तीची.

आता टाकीबद्दल थोडं. 80 लिटरची टाकी. आरओचं पाणी, त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशोबाने समुद्री मीठ (आपलं जेवणातलं नव्हे!), तापमान 26 अंशांच्या आसपास. पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोज वरून घालायचं ते गोडं पाणी. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडावा लागतो. तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणीही तितकंच भराभर उडतं. खडक म्हणाल तर सगळे सिरॅमिकचे. प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यामुळे त्या वाटेला जायचंच नाही. आणि मासा आणण्याआधी टाकी नुसतीच चालवायची. घाणीचा अमोनिया, अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर वस्तीला यावे लागतात. पाच आठवडे मी मासा नसलेल्या टाकीकडे बघत बसायचो. बायको येता-जाता म्हणायची, "छान आहेत रे दगड."

मग मासा. दुकानात गेल्यावर रंग बघायच्या आधी पोट बघावं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. "दादा, जरा खायला घालून दाखवता का?" असं विचारलं. दुकानदाराने दाणे टाकले. शेंबड्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण काचेवरचं शेवाळ मात्र टकाटक खरवडत होता. पोट गोल होतं. तरी घाई केली नाही, पुढचे दोन शनिवार जाऊन पुन्हा पाहिला. तिसऱ्या शनिवारी घरी आणला.

"कुठून येतो हा?" असं विचारल्यावर उत्तर एका शब्दात मिळालं होतं, "इंपोर्ट." या शब्दामागे बरंच काही आहे. गोड्या पाण्यातले पाळीव मासे बहुतेक तलावांत, हौदांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचं उलटं आहे. क्लाउनफिशसारखे काही सोडले तर बहुतेक सगळे थेट समुद्रातून पकडलेले. म्हणजे कुणीतरी पाण्यात उतरून, खडकाच्या भोकातून याला बाहेर काढून जाळ्यात धरलंय. मग पिशवी, विमान, गोदाम, पुन्हा पिशवी. एवढं सगळं झेलून हा माझ्या हॉलमध्ये पोचला, ते मला संध्याकाळी विरंगुळा हवा होता म्हणून!

पहिले काही महिने मजेत गेले. ब्लेनींना अगदी बारीक दातांची रांग असते, कंगव्यासारखी. तोंड काचेवर टेकवून ते शेवाळाचा थर खरवडतात आणि प्रत्येक घासाचा ओठांच्या आकाराचा एक ठसा मागे राहतो. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसलं की रात्रीपर्यंतची सगळी लॉग फाइल समोर! इथे दहा ठसे, त्या कोपऱ्यात पंधरा. म्हणजे प्रकृती उत्तम.

सप्टेंबरअखेर ठसे कमी व्हायला लागले. टाकी मुरली होती, पाण्यातलं नायट्रेट उतरलं होतं, शेवाळाला खतच उरलं नव्हतं. काच लखलखीत, दगड पांढरे स्वच्छ. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "वा, काय सुंदर ठेवली आहेस टाकी!" आणि त्या सुंदर टाकीत शेंबड्याचं पोट रोज थोडं आत जात होतं. शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवतो म्हणून जो मासा विकला जातो, त्याची उपासमार काम संपल्यावरच सुरू होते. (आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. प्रोजेक्ट डिलिव्हर झाला की बेंचवर!)

स्पिरुलिनाचे दाणे टाकले. थुंकून टाकले. सुशीसाठी मिळतं ते वाळवलेलं नोरी क्लिपला लावून ठेवलं. आधी त्याला घाबरून भोकात जाऊन बसला, नंतर दुर्लक्ष. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, गेला तर दुसरा मागवू." त्याच्या बाजूने तो बरोबरच बोलत होता. पण दुसरा मागवायचा म्हणजे पुन्हा कुणीतरी पाण्यात उतरणार, पुन्हा जाळं, पुन्हा पिशवी. मला ते नको होतं. मला हाच जगायला हवा होता.

मग सुचली ती शेती. दर रविवारी टाकीतलं 8 लिटर पाणी बदलतो. ते जुनं पाणी ओतून न देता बाल्कनीतल्या टबात साठवलं. माशाच्या घाणीतून उतरलेलं जे काही खत होतं, ते त्यातच होतं. टबात चार सिरॅमिकचे दगड, हवेचा छोटा पंप आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. सोसायटीच्या सेक्रेटरींनी डेंग्यूची शंका काढली, तर टबावर मच्छरदाणीही बांधली. आधी दगडांवर तपकिरी साय आली, मग बारा-तेरा दिवसांत हिरवी मखमल. त्यातला एक दगड टाकीत ठेवला आणि लांब जाऊन बसलो.

अर्धा तास काहीच नाही. मग भोकातून तोंड बाहेर, एक उडी, अजून एक उडी आणि मखमलीत पहिला ठसा. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून ठसे मोजत होतो. एकोणीस मोजले, मग भाजी लागल्याचा वास आला.

तेव्हापासून दगडांची पाळी ठरलेली आहे. एक टाकीत, तीन उन्हात. टाकीच्या मागच्या आणि डाव्या काचेला हात लावायचा नाही, फक्त समोरची पुसायची. दिवाळीत आई आली होती. टाकीकडे बघून म्हणाली, "अरे, काच पुसायला वेळ नाही का तुला? किती शेवाळ धरलंय!" मी म्हंटलं, "आई, ते त्याचं जेवण आहे." तिने जरा वाकून पाहिलं, तर शेंबड्या नेमका घास घेत होता. "मग राहू दे बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत तुळशीला पाणी घालून झाल्यावर तिने टबातला एक दगड उन्हाकडे वळवून ठेवलेला मी पाहिला.

शेंबड्याचं पोट आता पुन्हा गोल आहे. गेल्या महिन्यापासून नोरीही खायला लागलाय, म्हणजे पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हाची थोडी सोय झाली. मित्र विचारतात, एवढी मोठी टाकी आहे, अजून दोन-चार मासे का नाही आणत? आणेन कदाचित, पण पैदास केलेलेच. समुद्रातून काढून आणलेला हा पहिला आणि शेवटचा.

तुमचा विचार असेल तर एवढंच सांगतो. टाकी नवी असताना हा मासा आणू नका. दुकानात त्याला खाताना बघा, एकदा नाही, दोन-तीनदा बघा. आणि काच पुसायची फार हौस असेल, तर दुसरा कुठला तरी मासा पाळा.

असो. रविवार आहे, पाणी बदलायचंय.