दुसऱ्या मानाचा आहेर

गणिताचा नि माझा उभा दावा. तरी गेल्या दिवाळीत नातीने संगणकाच्या अभ्यासातले एक कोडे मला घातले आणि 1958 सालची एक जुनी जखम उघडी पडली.

"आजोबा, दोन याद्या आहेत, मोठ्याकडून लहानाकडे लावलेल्या. एकीतला एक आकडा नि दुसरीतला एक, अशा जोड्या करायच्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या पाच बेरजा सांगा. मात्र सगळ्या बेरजा करायच्या नाहीत!"

माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान होते. एका फळीवर चाळीस किमतींची लुगडी, दुसरीवर चाळीस किमतींचे फेटे. प्रत्येकाचे नग पुष्कळ. लग्नसराईत एक वधूपिते आले. म्हणाले, "लुगडे नि फेटा असा आहेर करायचाय. दुकानातले सर्वांत भारी पाच जोड मानाच्या क्रमाने बांधा." वडील गिऱ्हाइकांत गुंतलेले. काम माझ्या गळ्यात आले. वय वर्षे तेरा!

चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे सोळाशे बेरजा कोण करतो? मी सर्वांत भारी, 90 रुपयांचे लुगडे धरले आणि त्याला वरचे पाच फेटे ओळीने लावले : 40, 31, 30, 22, 20. बेरजा आल्या 130, 121, 120, 112, 110. झाले काम!

दुसरे लुगडे 86 चे होते. त्याला 40 चा फेटा लावला तर 126 होतात, हे माझ्या ध्यानीही आले नाही.

नेमका तोच जोड नवरीच्या मामांनी नेला नि मांडवात वराच्या आत्याला केला. दुसरा मान होता काकूंचा. त्यांच्या वाट्याला आला 121 चा. बायकांच्या नजरेतून कापडाची किंमत सुटते थोडीच? काकू पानावरून उठल्या. त्या संध्याकाळी वडील जानवसघरी गेले आणि माझ्या चुकीसाठी त्यांनी हात जोडले.

नातीची रीत अशी. पहिला जोड 130 चा, त्यात वाद नाही. तो निघाला की त्याच्या जागेवर दोनच दावेदार : लुगडे एक पायरी खाली नि फेटा तोच, किंवा फेटा एक पायरी खाली नि लुगडे तेच. बाकीचे सारे या दोघांच्या आड. दोघांतला मोठा, 126 चा, उचलायचा. मग त्याच्या खालचे दोन दारात उभे करायचे. असे करीत 130, 126, 121, 120, 117 हे पाच जोड अवघ्या आठ बेरजांत निघाले. दावेदारांतला सर्वांत मोठा सदा माथ्यावर राहील अशी एक मांडणीही असते. तिला 'हीप' म्हणतात. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ती 1964 साली मांडली.

म्हणजे आमच्या त्या लग्नानंतर सहा वर्षांनी!

पण खरे सांगू? जानवसघरून परत आल्यावर वडील मला रागावले नाहीत. मला दोन्ही फळ्यांपुढे उभे करून एवढेच म्हणाले, "बाळ, पहिल्याच्या मागे नेहमी दोघे उभे असतात. एकाकडेच बघू नये."

मी नातीला ते सांगितले. तिने वहीत ते वाक्य उतरून घेतले, आणि खाली लिहिले : पणजोबा.