ग्रास येथील अंजीर

गतवर्षी ज्येष्ठाच्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेस ग्रास या गावी जाण्याचा योग आला. नाव ऐकून वाचकांस पंगत आठवेल. परंतु समुद्रकाठच्या कान शहराहून डोंगराकडे चढून जावे, तो लागते हे नाकाचे गाव! पूर्वी येथे चामडी कमावीत. हातमोज्यांची दुर्गंधी लपविण्यासाठी त्यांस सुवास देऊ लागले. पुढे चामडे गेले, सुवास राहिला.

भर दुपारी एका पडक्या भिंतीजवळ अंजिराचे झाड दिसले. फळे अगदी कोवळी होती. पण उन्हाने तापलेल्या पानांचा हिरवा, किंचित कडवट, ओल्या खोबऱ्याच्या दुधासारखा वास दरवळत होता. पान तोडण्यास हात पुढे केला आणि नकळत मागे घेतला. माझे आजोळ सासवडकडचे. लहानपणी तेथील बागेत अंजिरे तोडताना मनगटावर चीक सांडला, मी तसाच उन्हात हुंदडलो, आणि दुसऱ्या दिवशी हातावर फोड उठले. मामींची बोटे तर हंगामभर सोललेली असत.

सायंकाळी एका दुकानातील बाईंनी अत्तरात बुडविलेली कागदाची पट्टी पुढे केली. तेच झाड, तीच दुपार! ओलिव्हिया जिआकोबेती या अत्तरकर्तीने १९९४ साली ‘प्रमिए फिगिए’ रचले, तेव्हापासून अंजिराचा वास लोकप्रिय झाला. मौज अशी की, तो पिकल्या फळाचा नसून पानांचा व चिकाचा भास आहे.

“यात पाने किती?” मी विचारले.

“एकही नाही.”

पानांत व चिकात सोरालेनसारखी द्रव्ये असतात. ती त्वचेस लागून वर ऊन पडले की कातडी भाजते. म्हणून पानांचा अर्क अत्तरात घालण्यास इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध-संघटनेची मनाई आहे. मग अत्तरकार खोबऱ्याच्या वासाची लॅक्टोने व हिरव्या वासाची कृत्रिम द्रव्ये जुळवून झाड उभे करतो. लबाडी खरी, पण मला ती आवडली.

लहानशी कुपी घेऊन आलो व सासवडला मामींच्या मनगटावर एक थेंब लावला. त्यांनी हुंगले, लगेच पदराने मनगट खसखसून पुसले, आणि उन्हातून उठून ओसरीच्या आतल्या बाजूस जाऊन बसल्या.