ओणवा प्रवास

स्पोर्ट्स बाइक लांबच्या प्रवासाला नेऊ नये, हे सगळ्यांना पाठ असतं. मनगटं जातात, मान धरते, बूड बधिर होतं, सामान बांधायला जागा नसते. लडाखला जायचं असो की कन्याकुमारीला, सल्ला ठरलेला: बुलेट घे, नाहीतर टूरर घे, ही आपली घाटात मजा करायला ठीक. सल्ला देणारे बहुतेक जण अशा गाडीवरून लोणावळ्यापर्यंत गेलेले असतात, आणि तेवढ्या अंतरात त्यांचं म्हणणं अगदी खरं असतं.

शहरात ही बैठक छळतेच. हँडल पुढे आणि खाली, पाय मागे दुमडलेले. मशिनवर वाकलेल्या शिंप्याची पाठ आणि आपली पाठ यांत काही फरक राहत नाही. कात्रजचा बोगदा पार करून खेड शिवापूरची गर्दी मागे टाकेपर्यंत छातीचं सगळं ओझं तळहातांवर असतं, आणि क्लच दाबून दाबून डावा हात मेटाकुटीला येतो. मग रस्ता मोकळा होतो, काटा सत्तरच्या पुढे सरकतो आणि समोरचा वारा छातीला टेकू द्यायला लागतो. तळहात हलके होतात. गुडघ्यांनी टाकी धरायची, ओझं पोटा-पाठीच्या स्नायूंवर घ्यायचं, हात हँडलवर नुसते ठेवायचे. घट्ट धरले की तासाभरात करंगळीला मुंग्या आल्याच म्हणून समजा. आणि एक गोष्ट सरळ बसणाऱ्यांना पटत नाही: खड्ड्याचा दणका ताठ बसलेल्याच्या माकडहाडातून थेट मणक्यात जातो, ओणव्या अंगात तो पाय, मांड्या, पाठ असा वाटला जातो.

मोटरसायकलींच्या लांब पल्ल्याच्या जगात आयर्न बट असोसिएशन नावाची एक अमेरिकन संघटना आहे. तिची पहिली पायरी म्हणजे चोवीस तासांत १००० मैल. आपल्याकडे ती सॅडलसोर १६०० म्हणून ओळखली जाते, १६०० किलोमीटरची. पुण्याच्या लोकांसाठी रस्ता जणू आखूनच ठेवलेला आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने बंगळूरच्या अलीकडे नेलमंगलापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. यात बंगळूर येतच नाही, ही गोष्ट घरी समजावून सांगताना फार अवघड जाते.

आता गणित. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. त्या वेगाने १६०० किलोमीटरला वीस तास लागतात. उरले चार. पेट्रोल, जेवण, चहा, लघवी, खंबाटकीचा घाट, वाटेतली रस्त्याची कामं, हे सगळं त्या चारांतूनच वजा होत जातं. म्हणजे सव्वाशेच्या पुढे सहज जाणारं यंत्र घ्यायचं आणि त्याला दिवसभर ऐंशीवर बांधून ठेवायचं. वेग वाढवून वेळ वाचवणारे आहेत, त्यांचं मला कौतुक नाही. तासभर रस्त्यावरच्या सगळ्यांना घाबरवून त्यांनी जे कमावलेलं असतं, ते एका निवांत जेवणात जातं. संघटनेचा सल्लाही वेग विसरा असाच आहे. अंतर कापलं जातं ते न थांबण्याने.

म्हणूनच छोट्या स्पोर्ट्स बाइकची अकरा लिटरची टाकी मला पुरेशी वाटते. यामाहा आर१५ सारखी १५५ सीसीची गाडी ऐंशीवर ठेवली, तर लिटरला चाळीसच्या आसपास देते. पुण्याहून बेळगाव एका टाकीत होतं. काचेमागे डोकं घातलं की वाऱ्याशी भांडणात पेट्रोल कमी जळतं, शिवाय हेल्मेटमधला घोंघाट कमी होतो. त्या घोंघाटाने माणूस जितका दमतो, तितका हँडलने दमत नाही. कानात बोळे घालावेतच.

अशा यंत्रांना चोवीस तास नवे नाहीत. फ्रान्समधली बोल दोर ही शर्यत १९२२ साली पॅरिसजवळ सुरू झाली, तीच मुळी चोवीस तासांची, आणि पुढची तीसेक वर्षं गाडी एक आणि स्वारही एकच. पहिल्या वर्षीचा विजेता टोनी झिंड ५०० सीसीच्या मोटोसाकोशवर १२०० किलोमीटरांहून जास्त गेला. त्या काळचे टायर आणि दिवे मनाशी आणले की आपल्या मनगटाची तक्रार करायला लाज वाटते. आता तिघे जण पाळीपाळीने चालवतात.

स्पोर्ट्स बाइकला मधला स्टँड नसतो. त्यामुळे साखळीला तेल द्यायचं, तर वीतभर गाडी ढकलायची, फवारा मारायचा, पुन्हा ढकलायची. साखळी गरम असतानाच तेल आत मुरतं, म्हणून चहा येईपर्यंत हे उरकून घ्यायचं. ढाब्यावरची पोरं गोळा होतात, एखादा मागून धक्का द्यायला लागतो, आणि कितीला घेतली, हा प्रश्न येतोच.

चित्रदुर्गाजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या की त्यांची तोंडं कुठे आहेत ते आधी बघावं. वारा आडवा असला, तर ट्रक ओलांडताना क्षणभर तो बंद होतो आणि पुढे निघालो की एकदम बरगडीत बसतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकने झाकलेली गाडी हातभर सरकते. तेव्हाही हँडल आवळायचं नाही.

रात्री दोन ते पाच हा खरा घाट. अवघडलेल्या बैठकीमुळे स्पोर्ट्स बाइकवर झोप येत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. खोटं आहे. झोप कोणत्याही आसनात येते, उभ्यानेही येते. पापणी जड झाली, समोरच्या ट्रकचे दिवे दोनाचे चार दिसले, की पंपाच्या कोपऱ्यात हेल्मेट उशाला घेऊन वीस मिनिटं आडवं व्हायचं. चार तासांच्या पुंजीतला सर्वांत चांगला खर्च तो. नाहीच जमलं वेळेत, तर प्रमाणपत्र मिळत नाही, एवढंच.

प्रमाणपत्रासाठी लागतात पावत्या. कुठे, किती वाजता पेट्रोल घेतलं, याचा छापील पुरावा. पंपावरच्या यंत्रातला कागद संपलेला असला, तर शेजारच्या एटीएममधून शंभर रुपये काढायचे, पैशांसाठी नव्हे, चिठ्ठीसाठी. घामाने अक्षरं उडतात, म्हणून लगेच फोटो काढून ठेवायचा.

परतताना तवंदी घाट उतरून निपाणीजवळ पेट्रोल घेणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात शिरलं की ते महागतं. तिथल्या पंपावर एक वयस्कर गृहस्थ नळी धरून उभे होते.

“कुठनं आलासा?”

“पुण्याहून. नेलमंगलाला जाऊन आलो.”

“काय काम काढलं हुतं?”

“काही नाही, काका. गेलो आणि वळलो.”

त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. “मग पुण्यातच बसायचं की!”

“बिल तेवढं छापून द्या.”

त्यांनी दोन छापली. “एक हरवलं, तर परत यायला लागंल तुम्हास्नी,” म्हणाले, आणि मागच्या ट्रकला पुढे ये म्हणून हात केला.